गच्चीवरच्या जागा

स्क्रीनवर आधी टाचा उमटल्या. चित्र खालून वर सरकत येतं, एकेक पट्टी करत, आणि नूपुरच्या हातात चहाचा कप होता, त्यामुळे तिचं लक्ष अर्धंच होतं; पण टाचा ओळखायला पूर्ण लक्ष लागत नाही. राखाडी चौकोनांच्या जाळीत दोन काळपट ठिपके, शेजारी शेजारी, आणि त्यांच्याभोवती केसासारखे बारीक तडे. मग बराच वेळ नुसतं स्वच्छ राखाडी. मग कमरेखालचं हाड, मग दोन कोपरं, मग खांद्यांची पाती, आणि अगदी वर, चौकटीला टेकलेला, डोक्याच्या मागच्या भागाचा गोल. पाठीवर झोपलेला माणूस. नूपुरला हसू आलं. इतक्या वर्षांत तिनं या अंधाऱ्या खोलीत काय काय पाहिलं होतं: माकडांच्या उड्या, सोलर पॅनल बसवणाऱ्यांचे बूट, पतंगामागे धावलेली पावलं, एकदा तर चक्क खाटेचे चार पाय. कोणीतरी मस्त ताणून दिलेली दिसते, असं ती मनाशी म्हणाली, चहाचा घोट घेतला, आणि तो घशाखाली उतरायच्या आत तिला आठवलं की हे पॅनल कुठून आलंय.

ते शहरातल्या सुरेंद्रनगरहून आलं होतं. बाबांच्या गच्चीवरून. मार्चमधल्या गारपिटीनं त्यांच्या सगळ्या पॅनलांचा चुरा केला होता. लिंबाएवढ्या गारा, गाड्यांच्या काचा, शेजारच्यांचा कूलर, काही म्हणून सोडलं नव्हतं. फक्त मधली दोन पॅनलं शाबूत राहिली होती. नूपुरनंच युनिटची गाडी पाठवून सगळी उतरवून आणली. हिंगण्याच्या पुढे, एमआयडीसीच्या पार शेवटच्या टोकाला हे युनिट आहे, आणि म्हाताऱ्या पॅनलांचं शेवटचं जे काही करायचं ते इथं होतं. चौकट काढायची, वायरी तोडायच्या, मग भट्टी. भट्टीत आतला चिकट थर जळून जातो आणि काच, तारा, सिलिकॉनच्या चकत्या सुट्या होतात. आवारात सगळी पॅनलं पालथी ठेवलेली असतात, वर ताडपत्री, कारण पॅनलाला बटण नसतं. फुटलेलं असो, तुटलेलं असो, उजेड पडला की ते वीज द्यायला लागतं, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात की इथं मेलेलं काही नाही, हात सांभाळ. जे फुटलेलं नसेल ते आधी या खोलीत येतं. कामगार हिला एक्सरे खोली म्हणतात. पॅनल ऊन खाऊन वीज देतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इथं उलटं करतात, त्यालाच वीज पाजतात, आणि मग ते स्वतः उजळतं. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही. खोलीत काळोखच असतो, दिसतं ते फक्त कॅमेऱ्याला. आत जिथं मोडलंय तिथं काळं. वरून हात फिरवला तर काच गुळगुळीत, आणि आत कोण कधी बसलं, कोण कधी पडलं, सगळं जसंच्या तसं. नूपुरला ही खोली आवडायची. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी इथं गार असायचं आणि कोणी काही विचारायला येत नसे.

तर बाबा पॅनलवर झोपतात. आधी तिला राग आला, रीतसर, घसघशीत राग. या वयात, त्या अरुंद जिन्यानं, रात्री वर चढायचं, आणि तेही काचेवर आडवं व्हायचं. दिवाळीत ते त्याच जिन्यावर घसरले होते आणि आठवडाभर कोपर लपवत फुल शर्ट घालून फिरले होते. गेली दोन वर्षं ती त्यांच्या मागे लागली होती की बेसा भागात आमच्याकडे राहायला चला. ऋषीनं, तिच्या नवऱ्यानं, त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला होता, खिडकीला जाळी लावली होती. बाबा दर वेळी म्हणायचे, “पाहू.” त्यांचं पाहू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. या उन्हाळ्यात मात्र त्यांना त्या घरात एकटं ठेवायचं नाही, काय वाटेल ते होवो, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं, आणि आता तर पुरावाच हाती आला होता. हे चित्र त्यांच्यासमोर ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, ही तुमची हाडं. रागाच्या खालून तिला चक्क आनंद होत होता, वादात शेवटचा पत्ता आपल्या हातात आल्याचा. आपण आपल्या बापाविरुद्ध पुरावे गोळा करतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती थोडी वरमली, पण थोडीच. मग तिनं दुसरं पॅनल लावलं.

या खेपेला कप खाली ठेवला होता. खालून पहिली पट्टी रिकामी आली. दुसरीही रिकामी. टाचा जिथं असायला हव्या तिथं काही नव्हतं, आणि ती सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात, बरंच वर, एका घोट्याचा डाग आला. त्यावर दुसरा, अर्धा चढलेला. मग कडेला सरकलेला, पोटाशी घेतलेला गुडघा. मग एकच कंबर, बाजूची. एकच खांदा. आणि डोक्याच्या जागी लहानसा, लांबट काळा भाग, खाली हात घेऊन त्यावर गाल टेकला की पडतो तसा. कोणीतरी कुशीवर झोपलं होतं. बाबांपेक्षा चांगलंच बुटकं कोणीतरी. नूपुरच्या मनात पहिला शब्द आला तो ‘बाई’. कोण बाई? बाबांकडे कोणती बाई येते? आणि पाठोपाठ डोक्यात जे काय उसळलं ते इतकं जुन्या वळणाचं होतं, इतकं एखाद्या खाष्ट आत्येला शोभणारं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. कोणी येत असेल तर येऊ देत की. ती स्वतःला आधुनिक समजायची. तरी तिनं खुर्ची स्क्रीनजवळ ओढली आणि ते बाईमुळे नव्हतं. स्क्रीनवर जे दिसत होतं ते तिला वाचता येत होतं, आणि वाचता येणं थांबवता येत नव्हतं. तडा नवा असला की नुसती रेघ दिसते. मग वर्षानुवर्षं दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारवा खाऊन ती रेघ आत सरकते, आणि केव्हातरी चौकोनाचा तेवढा तुकडा बाकीच्यांपासून तुटतो आणि कायमचा काळा पडतो. बाबांच्या पॅनलवर होत्या त्या रेघा. इथं सगळं काळंभोर होतं. गुडघा, कंबर, खांदा, ठार काळं. म्हणजे हे जे कोणी होतं ते बाबांच्या कितीतरी आधीपासून तिथं झोपत होतं. जवळजवळ पॅनलं बसवल्यापासून.

ती खुर्चीवर मागे रेलली. पंख्याचा आवाज येत होता. बाबांच्या गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीचा वास आला, तापलेल्या सिमेंटवर पाणी पडल्याचा, आणि तो इथं कुठून आला हे तिला कळेना. एप्रिल लागला की संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं काम तिचं असायचं. पहिल्या बादलीला नुसती वाफ निघे, तळवे भाजत, आणि ती एका पायावर नाचत दुसरी बादली ओती. मग गाद्या वर न्यायच्या, चादरी, सुरई. जागा ठरलेल्या. जिन्याच्या बाजूला बाबा, त्यांच्या शेजारी आई, आणि टाकीच्या भिंतीला लागून नूपुर. त्यात बदल नाही. पाहुणे आले तर ते टाकीच्या पलीकडे. सुरेंद्रनगरात तेव्हा घरोघरी असंच होतं, प्रत्येक गच्चीवर प्रत्येकाची जागा, आणि कोणी कोणाच्या जागेवर निजत नसे. एकदा मावशी चुकून आईच्या जागेवर झोपली, तर बाबा काही न बोलता उठले आणि खाली भट्टीसारख्या खोलीत जाऊन पडले. आई कुशीवर झोपायची, गुडघे पोटाशी घेऊन, टाकीकडे तोंड करून. म्हणजे नूपुरकडे. बाबा चिडवायचे, “जन्मभर या बाईनं मले पाठच दाखवली.” मुद्दाम ‘मले’ म्हणायचे, कोराडीच्या वीज केंद्रातल्या त्यांच्या सोबत्यांसारखं, आणि आई न वळता म्हणायची, “पाठ तर दिसते न? मग झालं.” पहाटे केव्हातरी नूपुरला जाग यायची आणि समोर आईचा चेहरा असायचा, हाताच्या उशीवर, अगदी जवळ, आणि मागे सगळं आभाळ. ती परत झोपून जायची.

आई गेली ती फेब्रुवारीत. त्या उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या पडल्या नाहीत. पॅनलं आली त्यानंतरच्या हिवाळ्यात. हा क्रम तिनं मनात दोनदा तपासला, कारण त्याच्यावर सगळं होतं. आधी आई गेली, मग पॅनलं आली. त्यांच्यावर आईचा भार पडणं शक्य नाही. तेव्हा नूपुर या धंद्यात नवी होती आणि आईच्या माघारी घरात काहीतरी नवं व्हावं, बाबांना गुंतायला काहीतरी मिळावं म्हणून तीच त्यांच्या मागे लागली होती. बाबा कधी नव्हे ते लगेच हो म्हणाले. पण बसवणारे आले तेव्हा मोठा घोळ घातला. पॅनलं दक्षिणेकडे उतरती बसवायची असतात. बाबा म्हणाले, नाही, सपाट टाका. तो बिचारा सांगून थकला, काका, धूळ साचेल, पाणी साचेल, वीज कमी बनेल. बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. विजेचं त्यांना काय शिकवायचं? पण ऐकेचनात. स्वतः खडूनं गच्चीवर चौकोन आखून दिले, मधली दोन इथंच यायला हवीत, इंचभर इकडे नको. नूपुरला तेव्हा त्या माणसासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे तो घरातला विनोद झाला. कोळसेवाल्याला सूर्याचं काय कळणार, असं ऋषी म्हणायचा आणि बाबाही हसायचे.

तिनं फोन लावला तो बाबांना नाही. यमुताईंना लावला. यमुताई बाबांचा स्वयंपाक करतात, मूळच्या खाप्या गावच्या, गुडघ्यांनी पार अधू. त्या गच्चीवर चढतील हे सूर्य पश्चिमेला उगवण्यापैकी होतं. तेवढ्यानंच मघाची खाष्ट आत्या गप्प बसली. “ताई, बाबा वर जातात का हो? गच्चीवर?” “जातात न. रोज जातात. म्या म्हटलं त्याहिले, काहून चढता इतक्या पायऱ्या, तं आयकतच नाही.” “वर काय करतात?” “बोलत बसतात. कंदी कंदी मले उशीर झाला निघाले तं आवाज येते न खाली.” “कोणाशी बोलतात?” “आता मले काय मालूम बाई? फोनवर बोलत असन.” नूपुरनं विचारायला नको होतं ते विचारलं. “फोन वर घेऊन जातात?” पलीकडे भांड्याचा आवाज थांबला. “नाही वं बाई,” यमुताई म्हणाल्या, “फोन तं खालीच राह्यते. चार्जिंगले.” मग त्यांनी घाईघाईनं आज भरल्या वांग्याची भाजी केल्याचं सांगितलं आणि नूपुरनंही छान छान म्हणून फोन ठेवला.

ती पुन्हा स्क्रीनसमोर बसली. ऋषी असता तर म्हणाला असता, अगं, बाबाच आहेत ते, कधी इकडे झोपत असतील, कधी तिकडे. तिनं ते स्वतःच म्हणून पाहिलं. मग घोट्यापासून खांद्यापर्यंत वितीनं मोजलं, ते बाबांच्या मानानं फारच कमी भरलं आणि वीत आपोआप मिटली. बसवणाऱ्यांपैकी कोणी पडलं असेल. माकडं असतील. माकड असं झोपतं का? दोन्ही पॅनलांच्या वायरी अजून एकमेकींत अडकलेल्या होत्या, उन्हानं जोड वितळून एकजीव झाला होता, त्यामुळे कोणती कड कोणत्या कडेला लागून होती हे दिसत होतं. गुडघे बाबांच्या बाजूला नव्हते. गुडघे दुसऱ्या बाजूला होते, टाकीच्या बाजूला. ते पाहिल्यावर मात्र नूपुरनं स्क्रीन बंद केली. तिला भीती वाटली. रडू नाही, आठवण नाही, साधी भीती, जिन्यातल्या अंधारात वाटते तशी, आणि आपल्याच आईची भीती वाटावी याचं तिला इतकं वाईट वाटलं की ते वाईट वाटणंही नकोसं झालं. दार उघडून ती उन्हात गेली.

भट्टीवरचा चंद्रभान मालाचे गठ्ठे मोजत उभा होता. “मॅडम, ते दोन सांगा न. दुपारचा घाना लावून राह्यलो, टाकाचे असन तं आत्ताच टाकतो.” नियम सोपा होता आणि तिनंच केलेला होता. बारीक रेघा असतील, पण पॅनल अजून बरी वीज देत असेल तर ते ठेवायचं. एखाद्या शेतावरच्या पंपाला, एखाद्या खेड्यातल्या रस्त्यावरच्या दिव्याला ते आणखी काही वर्षं चालतं. काळं फार असेल तर भट्टी. यात तिच्या आईबापाचा काही संबंध नव्हता. कोणाचंही असतं तरी तिनं हेच केलं असतं. “एक ठेव,” ती म्हणाली, “एक टाक.” “दोन्ही जुडून हायेत मॅडम. जोड सुटत नाही, म्या पाह्यलं.” “मग काप.” चंद्रभाननं पक्कड आणली. वायर कापताना त्यानं सवयीनं दोन्ही पॅनलं पालथी केली आणि आपलं अंग त्यांच्यावर सावलीसारखं धरलं. कट असा आवाज झाला. कोणतं टाकायचं हे तिनं बोटानं दाखवलं, नाव घेण्यासारखं काही नव्हतंच, आणि ते ढकलगाडीवर चढून भट्टीच्या तोंडाकडे गेलं. झालं. भट्टीत आत गेल्यावर चिकट थर जळतो आणि काचेपासून सगळं सुटतं. मग कोणाचा गुडघा आणि कोणाचा खांदा, नुसत्या चकत्यांचे तुकडे. तिला हलकं वाटलं. जेवणाच्या डब्यातली पोळी तिनं चवीनं खाल्ली. संध्याकाळी सरळ बाबांकडे जायचं, त्यांच्या पॅनलचं चित्र दाखवायचं, दुसऱ्याचा विषय काढायचा नाही, आणि त्यांना घेऊनच यायचं, असं तिनं ठरवलं. ऋषीला तसं कळवलंसुद्धा. त्यानं उत्तरादाखल अंगठा पाठवला.

दिवेलागणीला ती सुरेंद्रनगरात पोहोचली तेव्हा घराचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि वरून पाण्याचा आवाज येत होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिनं दिवाळीतल्या त्या घसरण्याची उजळणी मनात करून घेतली, म्हणजे राग ताजा राहील. वर बाबा नळीनं पाणी मारत होते. कृष्णकांतराव म्हणून कॉलनीत त्यांचा दरारा होता एकेकाळी. आता लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेला, बनियनमधला एक वाळका माणूस. गच्ची उघडी बोडकी पडली होती. पॅनलांच्या जागी फरशीचा रंग वेगळा दिसत होता. “आलीस? चप्पल तिकडं काढ, ओलं आहे,” ते म्हणाले. “बाबा, तुम्ही कशाला चढता वर?” “काहून? गच्ची माझीच आहे न?” ते मजेत होते. “बरं, मी काय म्हणून राहिलो, ते मधले दोन तर शाबूत होते. ते कधी लावून देतेस?” तिनं पर्समधून फोन काढला, चित्र उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. तिला वाटलं ते ओशाळतील. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ पाहिलं, अगदी कंट्रोल रूममधल्या माणसासारखं. “हे कशात दिसते?” तिनं सांगितलं. “उलटी वीज? वा! म्हणजे तेच दिवा बनते.” त्यांना भारीच आवडलं. “हे माझं. तिचं दाखव.”

नूपुर टाकीच्या कट्ट्यावर बसली. नळीचं पाणी वाहतच होतं. “कोणाचं?” ती म्हणाली. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला पुढचं खोटं बोलता आलं नाही. “पहिले तीच आली,” ते म्हणाले. “मी नाही. मी तर घाबरलो होतो, तुला सांगतो. पॅनल टाकले त्याच थंडीत. टाकीचा व्हॉल्व बंद करायला म्हणून वर आलो, तर झोपून होती. आपल्या जागेवर. मी तसाच उलट्या पावली खाली. कित्येक वर्षं जिन्याच्या दाराला आतून कडी लावून घेत होतो, बोल! सपाट टाका म्हटलं होतं तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं. नुसतं वाटलं होतं, तिची जागा आहे, उतरती काहून करायची.” “मग?” “मग काय. भीती किती दिवस पुरते? बायकोच आहे न. आपण खाली गादीवर अन् ती वर एकटी, हे काही बरं दिसत नव्हतं. एक दिवस मीही जाऊन आडवा झालो. बोलत नाही ती. मीच बोलतो.” त्यांनी ओल्या हातानं तिच्या खांद्याकडे, तिच्या पाठीमागच्या टाकीच्या भिंतीकडे बोट केलं. “तोंड अजूनही इकडंच. तुझ्या जागेकडं. तू बेश्याला राहतेस म्हणून कितीदा सांगितलं तिला. आयकतच नाही.”

तिला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर ती डॉक्टरांचा विचार करेल, ऋषीला फोन करेल. तिनं तसं काही केलं नाही. तिच्या पाठीला टाकीची भिंत लागत होती, दिवसभराची तापलेली, आणि समोरच्या ओल्या फरशीवर, हातभर अंतरावर, काहीच नव्हतं. त्या काहीच नसण्याकडे तिला पाहवेना. “गारांच्या त्या दिवसापासून दिसली नाही,” बाबा सांगत होते. “जागा सापडत नसेल. तू ते दोन परत टाकून दे, मग येते बघ. अन् हे पाहा, मी विचार केला. तू म्हणतेस ते काही चुकीचं नाही. मी येतो तुझ्याकडं. दिवसभर राहतो, तुझ्या हातचं खातो, ऋषीच्या गप्पा आयकतो. झोपायला तेवढं इकडं आणून सोडत जा. चालेल?” दोन वर्षांत पहिल्यांदा ते पाहू म्हणाले नव्हते. अजूनही तिला खोटं बोलता आलं असतं. दोन दुसरी पॅनलं आणून टाकली असती, कंपनी तीच, रंग तोच, आणि त्यांना कळलंही नसतं. पण मग ते रोज रात्री त्या रिकाम्या काचेपाशी झोपले असते, वाट बघत, आणि ते तिच्यानं सहन झालं नसतं.

“बाबा, एकच आहे.”

“कोणतं?”

“तुमचं.”

“अन् तिचं?”

“भट्टीत टाकलं. दुपारी. मीच सांगितलं टाकायला. ते फार काळं पडलं होतं, बाबा. मला भीती वाटली.”

नळी त्यांच्या हातात होती आणि पाणी एकाच ठिकाणी पडत राहिलं, त्यांच्या पायांवर. मग ते वाकले आणि त्यांनी नळ बंद केला. नळीचं वेटोळं करायला घेतलं, एकेक वेढा कोपरावरून, नीट. “किती डिग्री राहते तुझी भट्टी?” त्यांनी विचारलं. “पाचशे.” “कोळशाची?” “गॅसची.” त्यांनी मान हलवली. आयुष्यभर आगीशेजारी नोकरी केलेला माणूस मनात काहीतरी हिशेब करत होता. “मग वेळ नसेल लागला,” ते म्हणाले. “घाटावर लई वेळ लागला होता तिला. लाकडं ओली होती.” वेटोळं त्यांनी खुंटीला अडकवलं, लुंगी सोडून झटकली. “चल. गोळ्या घेतो अन् निघू.” “कुठे?” “तुझ्याकडं. तूच तर बोलावून राहिली होतीस.” नूपुर उठून उभी राहिली. नको बाबा, ती म्हणाली, राहा इथंच, मी येते इकडे राहायला, उद्याच येते, त्या टाकीशी झोपते, रोज झोपते, मी तिला… बाबांनी तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. “इथं काय करू वं मी आता?” ते म्हणाले आणि कठडा न धरता जिना उतरून गेले.

त्यांनी फार काही घेतलं नाही. गोळ्यांचा डबा, दोन शर्ट, फोनचं चार्जर. यमुताईंनी केलेली वांग्याची भाजी डब्यात भरून घेतली, वाया जायला नको म्हणून. दाराला कुलूप घातलं आणि ते गाडीत जाऊन बसले, पुढच्या सीटवर, पट्टा लावून. नूपुर फाटकाशी आली आणि थांबली. तिला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं झालं होतं. तिनं फाटकाच्या गजाला धरलं आणि ती रडायला लागली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी, आईच्या वेळी रडली नव्हती तेवढी. समोरच्या घरातल्या कौसल्याकाकू आवाजानं बाहेर आल्या. आईची आणि त्यांची जुनी मैत्री, घाटावर नेतानाही त्याच नूपुरला धरून होत्या. “काय झालं वं नूपुर? अहो कृष्णकांतराव, काय झालं हिला? काहून अशी रडून राहिली पोरगी?”

बाबांनी गाडीची काच खाली केली.

“काही नाही वहिनी,” ते म्हणाले. “आई गेली तिची.”